साल

ग्रांदोलाच्या टेकड्यांवर जूनमध्ये
सकाळी सातलाच ऊन चटके देतं.
कुस्तोदियो कुऱ्हाडीच्या दांड्यावर थुंकी चोळतो
आणि माझ्या मायक्रोफोनकडे बघतो,
नकोशा जावयाकडे बघावं तसा.

बाटलीला बूच देणारा हा ओक.
नऊ वर्षांतून एकदा सोलायचा.
आधी साल काढायची, मग साल लिहायचं:
उघड्या, लालसर बुंध्यावर
पांढऱ्या रंगानं एकच आकडा, शेवटचा.
एकक पुरतो. दशक, शतक झाडाला लागत नाहीत.

माझं काम कागदावर सोपं होतं.
पातं कुठं थांबतं, ते यंत्राला शिकवायचं.
केसभर खोल गेलं
की आतली ओली आई-साल फाटते
आणि तिथं पुन्हा धड बूच धरत नाही.
"कसं कळतं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.
"आवाज," तो म्हणाला होता.
"बद्द आला की हात आवरायचा."

म्हणून दोन उन्हाळे मी आवाज गोळा केले.
चारशे अकरा झाडं, एकोणतीस हजार घाव
लिस्बनच्या एका थंडगार खोलीत
रांगेनं लावून ठेवले.
यंत्र ऐकत राहिलं. यंत्र चुकत राहिलं.
साहेब म्हणाले, आणखी आवाज आणा.

तिसऱ्या उन्हाळ्यात, जेवणाच्या सुटीत,
झुल्मिरानं पाव कापता कापता सांगितलं,
"त्याला काय विचारतेस आवाजाचं?
सहा वर्षं झाली, डावा कान पार गेला,
उजव्यात नुसते रातकिडे.
मी हाक मारत नाही, खडा मारते."
कुस्तोदियो ऑलिव्हची बी चघळत बसला होता,
न ऐकल्यासारखा.
म्हणजे, न ऐकलेला.

मग तारांचा हातमोजा आणला.
"लग्नात घातला नव्हता," तो कुरकुरला,
पण हात पुढे केला.
आणि पडद्यावर दिसलं ते असं:
पातं आई-सालीला टेकण्याच्या जरा आधी
त्याची करंगळी सैल होते.
त्याला हे ठाऊक नव्हतं.
सत्तावन्न वर्षं ती एकटीच कामाला होती,
तिची मजुरी कुणी दिली नाही.

एका दुपारी पातं खोल गेलं.
बुंध्यावर ओली रेघ उमटली.
"एवढं पुसून टाक, मुली."
मी म्हटलं, नाही पुसता येत.
चांगले घाव पोत्यांनी आहेत,
असा हा एकच, यंत्राला तोच हवा.
तो मोठ्यानं हसला. मग गप्प.
"माझा बाप चुकीला कानाखाली द्यायचा.
तुझं यंत्र जपून ठेवणार."
मला त्यातलं काय बरं, ते सांगता आलं नाही.

पुढच्या वर्षी यंत्र टेकडी चढलं,
पट्ट्यांच्या चाकांवर, डगमगत.
चार मिनिटांत झाड सोललं,
कुठं ओरखडा नाही.
साहेबांनी टाळ्या वाजवायला हात उचलले,
तोच यंत्राचा हात परत वर आला
आणि नागव्या बुंध्यावर
दोनदा थोपटून गेला.

सगळे माझ्याकडे बघू लागले.
मी कुस्तोदियोकडे.
प्रत्येक झाडाच्या शेवटी तो थोपटतो,
धार काढून झाल्यावर गाईला थोपटावं तसं.
एकोणतीस हजार घावांत तेही नोंदलं गेलं होतं.
यंत्राला वाटलं, हाही कामाचाच भाग.

"काढून टाक हे," साहेब म्हणाले,
"झाडामागे दीड सेकंद जातो."

रंगाचं काम अजून कुस्तोदियोकडेच होतं.
डब्यात बोट बुडवून त्यानं सात काढला, जरा वाकडा,
आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला,
"पुढच्या खेपेला मी ऐंशी ओलांडलेली असेल.
तेव्हा मला कोण विचारतंय."

रात्री मी अहवाल भरला.
शेवटची हालचाल: प्रयोजन अज्ञात.
पुढच्या सालीपर्यंत राहू द्यावी.